दहा शॉट, एक स्वयंपाकघर आणि जळलेली पोळी

मागच्या दिवाळीत भाच्याने त्याची पहिली शॉर्ट फिल्म दाखवली, सात मिनिटांची, मोबाइलवर केलेली. गोष्ट चांगली होती, पोरांनी कामं पण बरी केली होती, पण तिसऱ्या मिनिटाला ताई उठून कुकर बघायला गेली आणि मी पण मनातल्या मनात गेलोच होतो. का, तर सगळी फिल्म एकाच अंतरावरून. कमरेपासून वर, सगळे, सगळा वेळ. त्याला विचारलं की बाबा तू कॅमेरा इथेच का लावलास, तर म्हणाला, "मामा, तिथे जागा होती ना."

तर हा लेख त्या "तिथे जागा होती" वर आहे. मी दोन वर्षं एका डेली सोपला असिस्टंट होतो (नाव नको, चॅनल पण नको), त्यानंतर बारीकसारीक कामं केली, त्यामुळे जे सांगतोय ते सेटवर ओरडा खाऊन शिकलेलं आहे. शॉटची नावं पाठ करायला कुठेही चार्ट मिळतो, लाँग मिड क्लोज, अर्ध्या तासात पाठ होतं. पण पाठ करून काही होत नाही, कारण शॉट म्हणजे मुळात प्रेक्षकाला तुम्ही कुठे उभं करताय एवढंच असतं. दाराबाहेर उभं करताय, का खोलीत खुर्ची देताय, का थेट त्या माणसाच्या तोंडासमोर नेताय. त्यामुळे आपण एकच सीन घेऊ आणि तो दहा शॉटमध्ये करू, जसा मी आणि भाच्याने पाडव्यानंतरच्या रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात केला.

सीन असा आहे

आई पोळ्या करतेय. पोरगा बाहेरून येतो, दारात थांबतो. आईला वाटतं नेहमीसारखा आला, ती पाठमोरीच काहीतरी बोलते. तो म्हणतो, "आई, नोकरी गेली माझी." आई वळते. तव्यावरची पोळी जळते. संपलं.

आई झाली ताई, पोरगा झाला भाच्याचा मित्र. खोलीचा नकाशा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. डाव्या भिंतीला ओटा, ओट्यावर खिडकी. उजव्या भिंतीत दार. मध्ये मोकळी जागा. एका लांब बाजूला फ्रीज, त्याच्या समोरच्या लांब बाजूला भांड्यांची मांडणी. आई ओट्याशी म्हणजे डावीकडे, पोरगा दारात म्हणजे उजवीकडे. कागदावर काढून घ्या, अगदी शाळेत काढतो तसा, आई एक गोल, पोरगा एक गोल. मोठ्या सेटवर पण हेच काढतात, फक्त कागद भारी असतो.

शूटच्या आधी फोनची पाच मिनिटं

लेन्स पुसा. हसू नका, निम्म्या लोकांच्या फुटेजवर जे धुकं दिसतं ते खिशातलं तेल असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर सगळ्यात चांगल्या टेकला कोणीतरी लोन द्यायला फोन करतं. ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्याउभ्या रेघा, चालू करा. आणि जमलं तर मॅन्युअल कंट्रोल देणारं एखादं कॅमेरा अॅप घेऊन सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि ३० फ्रेम १/६० वर शूट केलं की भिंतीवर काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. ते नंतर काढता येत नाहीत, म्हणजे येतात म्हणतात पण तुमच्या माझ्या लॅपटॉपवर नाही.

फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ ते) लॉक करायला स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये लॉक होतं. नाही केलं तर आई जरा हलली की अख्खं स्वयंपाकघर उजळतं आणि परत अंधारतं, दिवाळीच्या माळेसारखं.

शॉट १: बाहेरून

बिल्डिंग, संध्याकाळ, जिन्याने पोरगा चढतोय, लहानसा दिसतोय. ह्याला एस्टॅब्लिशिंग म्हणतात. काम एवढंच की कुठे आहोत आणि साधारण किती वाजलेत ते प्रेक्षकाला कळावं. माणूस इतका लहान की चेहरा दिसत नाही, म्हणून हा एक्स्ट्रीम लाँग. चार सेकंद पुरतात. नवखे इथे ड्रोन शोधत बसतात, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जा, वॉचमनला विचारा, झालं.

शॉट २: मास्टर

आता घरात. फ्रीजच्या कोपऱ्यातून, जितकं मागे जाता येईल तितकं, आई आणि दार दोन्ही दिसेल असा वाइड. आणि ह्या एकाच शॉटमध्ये पूर्ण सीन करून घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कट नाही. ह्याला मास्टर म्हणतात. दोन फायदे. एक म्हणजे उद्या बाकीचे सगळे शॉट बिघडले तरी तुमच्याकडे सीन आहे. दुसरा म्हणजे कोण कुठे उभं राहिलं, कुठल्या वाक्याला वळलं, लाटणं कुठल्या हातात होतं, हे ठरून जातं आणि पुढचे सगळे शॉट त्याला जुळवायचे असतात.

खोली लहान असली की लोक लगेच ०.५एक्स, म्हणजे फोनची सगळ्यात वाइड लेन्स, लावतात. लावा, पण फ्रेमच्या कडेला माणूस ठेवू नका, ताणला जातो. ताई डाव्या कडेला होती तर तिचा दंड बघून ती कॅमेऱ्यामागून येऊन म्हणाली की हे डिलीट कर आधी.

वाइडबद्दल एक गैरसमज आहे की तो फक्त सुरुवातीला लागतो, मग खरा मसाला क्लोजमध्ये. तसं काही नाही. चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट, २०१४ चा, बघा. कॅमेरा लांब, स्थिर, कोर्टरूम अख्खी दिसतेय, वकील बोलतोय आणि मागच्या बाकावर कोणीतरी पेंगतंय. कोणाकडे बघायचं ते तुम्हाला कोणी सांगत नाही. तिथे क्लोज लावला असता तर कोर्टाचा तो रटाळपणा, जो त्या गोष्टीचा जीव आहे, तोच गेला असता.

शॉट ३ आणि ४: मिड

आईचा मिड, फ्रीजच्या बाजूने, कमरेपासून वर, बाजूचा चेहरा, हात दिसतायत, पोळी लाटतेय. मिड का? कारण हात. माणूस काही काम करत असेल आणि ते काम गोष्टीत महत्त्वाचं असेल तर मिड. माणूस कसा दिसतोय आणि काय करतोय हे दोन्ही एका फ्रेममध्ये बसतं.

पोरगा दारात आला की त्याचा जरा लूज घ्या, मांडीपर्यंत. सेटवर लूज आणि टाइट हे शब्द दिवसभर ऐकू येतात, "जरा लूज कर", "टाइट दे", म्हणजे फ्रेममध्ये माणसाभोवती जागा वाढव किंवा कमी कर. मांडीपर्यंतच्या शॉटला काउबॉय शॉट पण म्हणतात, वेस्टर्न पिक्चरमध्ये कमरेचं पिस्तूल फ्रेममध्ये यायला पाहिजे म्हणून. आपल्या पोराच्या कमरेला पिस्तूल नाही पण हातात ऑफिसची बॅग आहे आणि ती तो खाली ठेवत नाहीये, ते दिसायला पाहिजे. कमरेपर्यंत घेतलं असतं तर बॅग कापली गेली असती आणि अर्धी गोष्ट गेली असती.

फ्रेम कुठे कापायची ह्याचा एक सोपा हिशोब आहे. सांध्यावर कापू नका. गुडघा, घोटा, कोपर, मान, इथे फ्रेमची कड आली की माणूस तुटल्यासारखा दिसतो. सांध्याच्या जरा वर किंवा खाली. आणि डोक्यावर थोडी जागा, त्याला हेडरूम म्हणतात, पण थोडी म्हणजे थोडी. नवख्यांच्या फ्रेममध्ये चेहरा बरोब्बर मध्यभागी असतो आणि वर अर्धी फ्रेम भिंत आणि कॅलेंडर. डोळे ग्रिडच्या वरच्या रेघेवर आणा, निम्मा प्रॉब्लेम तिथेच सुटतो. जिकडे माणूस बघतोय तिकडे जागा जास्त सोडा. आई ओट्याकडे म्हणजे डावीकडे बघतेय, तर ती फ्रेममध्ये जरा उजवीकडे पाहिजे. उलट केलं की ती भिंतीवर नाक आपटेल असं वाटतं. हे मुद्दाम पण करतात हां, कोंडल्यासारखं वाटावं म्हणून, पण आधी सरळ करायला शिका.

आता लाइन. इथे घाई करू नका

ह्याच्यापुढे समोरासमोरचे शॉट आहेत आणि सगळी गंमत इथेच होते. आई आणि पोरगा ह्यांच्यामध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं समजा. समजा म्हणजे खरंच सुतळी टाका, आम्ही टाकली. कॅमेरा कुठेही फिरवा, पण सुतळीच्या एकाच बाजूला. आपण फ्रीजच्या बाजूला आहोत, तर पूर्ण सीन फ्रीजच्या बाजूनेच. मांडणीच्या बाजूला पाय टाकायचा नाही.

का? फ्रीजच्या बाजूने आई डावीकडे दिसते आणि पोराकडे वळली की उजवीकडे बघते. पोरगा उजवीकडे, तो डावीकडे बघतो. दोघांचे वेगवेगळे क्लोज लावले तरी प्रेक्षकाला कळतं की हे एकमेकांकडे बघतायत. आता आईचा क्लोज फ्रीजच्या बाजूने घेतला आणि पोराचा मांडणीच्या बाजूने, तर काय होईल? दोघंही उजवीकडे बघतील. एडिटला एकापाठोपाठ लावलं की आई आणि पोरगा दोघं मिळून तिसऱ्याच कोणाशी तरी बोलतायत. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये नवराबायकोचं भांडण होतं आणि मी लाइन तोडली होती, शूट करताना कळलंच नाही, प्रत्येक शॉट वेगळा बघितला तर सुंदर. एडिटला बसलो तर दोघं मिळून शेजाऱ्याशी भांडतायत. एडिटरने एक शॉट फ्लिप करून बघितला, तर मागच्या घड्याळातले आकडे उलटे. शेवटी दोन वाक्यं उडवली.

फुटबॉलच्या मॅचमध्ये मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात ते पण ह्याचसाठी. पलीकडून दाखवलं तर डावीकडे धावणारी टीम अचानक उजवीकडे धावायला लागेल, म्हणून पलीकडचा शॉट फक्त रिप्लेला, आणि वर रिव्हर्स अँगल असं लिहून. क्रिकेटमध्ये वेगळं गणित आहे, १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही चॅनलवाल्या केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही टोकांना कॅमेरे लावायला लागले, त्याच्याआधी एकाच टोकाला असायचा आणि एक ओव्हर सोडून एक ओव्हर बॅट्समनची पाठ बघायला लागायची. म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा ह्याचं भांडण फक्त आर्ट फिल्मवाल्यांचं नाहीये.

लाइन ओलांडताच येत नाही का? येते. माणूस स्वतः चालत दुसरीकडे गेला तर लाइन पण त्याच्याबरोबर फिरते, किंवा कॅमेरा न कापता चालत पलीकडे गेला तर प्रेक्षक पण सोबत जातो. पण पहिल्या फिल्मला नको.

शॉट ५ आणि ६: सजेशन

आईच्या मागून, तिचा खांदा आणि अंबाड्याचा थोडा भाग फ्रेमच्या कडेला, समोर पोरगा. पुस्तकात ह्याला ओव्हर द शोल्डर म्हणतात, मुंबईत सेटवर "सजेशन" म्हणतात, "आईचं सजेशन घेऊन पोरावर लाव". पहिल्या दिवशी मला वाटलं कोणाला तरी सल्ला विचारायचाय. मग उलट, पोराच्या खांद्यावरून आई.

हा शॉट कशासाठी, तर दोघं एकाच खोलीत एकाच वेळी आहेत हे पटवायला. सिंगल क्लोजमध्ये माणूस एकटा होतो, सजेशनमध्ये समोरचा अजून आहे. त्यामुळे आम्ही असं ठरवलं की पोरगा वाक्य बोलेपर्यंत सजेशन, आणि वाक्य बोलला की दोघांचे सिंगल क्लोज. बोलल्याबरोबर दोघं एकेकटे पडले पाहिजेत. कुठेही न सांगता, फक्त खांदा काढून टाकून.

दोन्ही सजेशनचं अंतर आणि उंची सारखी ठेवा. पोराचा चेहरा फ्रेममध्ये जेवढा मोठा तेवढाच आईचा. फोन दोघांच्याही डोळ्यांच्या उंचीला. ताई पाच फूट आणि भाच्याचा मित्र सहा फूट, तर सरळ तिच्या उंचीवरून बघितलं की तो अंगावर आल्यासारखा दिसायला लागला. मग त्याला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, जरा वाकला, थकल्यासारखा पण दिसला, दोन कामं झाली.

लाइटची अडचण इथेच येते. आई वळली की खिडकी तिच्या पाठीमागे, म्हणजे चेहरा काळा आणि मागे पांढरं फट्ट. चेहऱ्यावर एक्स्पोजर लॉक करा आणि पोराच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, थर्माकोलची मोठी शीट धरा, खिडकीचाच उजेड तिच्या चेहऱ्यावर परत फेकला जातो. स्टेशनरीच्या दुकानात मिळते. गणपतीच्या मखराची उरलेली मिळाली तर अजून बरं, आम्हाला मिळाली, मागे सोनेरी कमळ होतं.

शॉट ७: पोराचा क्लोज

"आई, नोकरी गेली माझी." हे वाक्य इथे.

क्लोज म्हणजे खांद्याच्या वरून चेहरा. अजून टाइट केलं की कपाळ कापा, हनुवटी कापू नका. का ते स्वतः करून बघा, हनुवटी कापली की माणूस बुडतोय असं वाटतं.

मोबाइलवाल्यांची सगळ्यात मोठी चूक इथे असते. क्लोज पाहिजे म्हणून फोन घेऊन चेहऱ्याच्या जवळ जातात. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपासची, आणि जवळून घेतलं की नाक मोठं, कान गायब, सेल्फीत होतं तेच. म्हणून उलट करा, दोनतीन पावलं मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती लावा. चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. वेगळी लेन्स नसेल तर २एक्सपर्यंत चालवून घ्या, त्याच्यापुढे चित्र फुटायला लागतं.

क्लोज ही आज इतकी साधी गोष्ट वाटते, पण १९१३ साली फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र केला तेव्हा कॅमेरा बहुतेक नाटकाच्या प्रेक्षकासारखा समोर बसून राहायचा, माणसं पायापासून डोक्यापर्यंत. आणि वीस एक वर्षांनी, १९३४ ला, पुण्यात प्रभातच्या नव्या स्टुडिओत शांतारामबापूंनी अमृतमंथनमध्ये टेलिफोटो लेन्स लावून राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर केला. नुसता डोळा. त्याच जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६० पासून. तर एक्स्ट्रीम क्लोज हा असा वापरायचा असतो, पूर्ण पिक्चरमध्ये एकदा, फार तर दोनदा. आमच्या सीनमध्ये तो नाहीच. भाच्याला पोराच्या डोळ्यातलं पाणी घ्यायचं होतं, मी नको म्हणालो, वाद झाला, त्याने घेतला, एडिटला त्यानेच काढला.

शॉट ८: आईची रिॲक्शन

हा माझ्या मते पूर्ण सीनचा शॉट आहे. बातमी सांगणाऱ्याचा चेहरा सगळे घेतात, पण प्रेक्षकाला बघायचा असतो ऐकणाऱ्याचा. पोरगा वाक्य अर्धं बोलला की आईवर कट करा, "गेली माझी" हे शब्द आईच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ देत.

आणि ताईला मी एकच गोष्ट सांगितली, काही करू नकोस. डेली सोपमध्ये आम्ही हेच उलटं करायचो. एक वाक्य, मग सासू, धाडकन झूम. सून, धाडकन झूम. नणंद, झूम, आणि परत सासू. हसतात लोक पण त्यामागे कारण होतं, रोज एक एपिसोड द्यायचा, संवाद सकाळी हातात यायचे, आणि बघणारी बाई कांदा चिरत बघतेय तर तिला मान वर केली की लगेच कळलं पाहिजे काय चाललंय. तुमची फिल्म कांदा चिरत कोणी बघत नसेल तर तेवढं ओरडायची गरज नाही.

कॅमेरा ह्या शॉटला हलवायचा का? भाच्याने विचारलं, हळूहळू पुढे नेऊ का. मोठ्या कामात ट्रॉली लावतात, रुळावरून कॅमेरा माणसाकडे सरकतो, आणि ते झूमपेक्षा वेगळं असतं. झूममध्ये चित्र नुसतं मोठं होतं, तुम्ही जागेवरच. ट्रॉलीत तुम्ही खरंच चालत जवळ जाता, मागचं सामान बाजूने सरकत जातं, अंगाला जाणवतं. घरी करायचं तर फोन दोन्ही हातांनी छातीशी धरा, कोपरं अंगाला चिकटलेली, गुडघे थोडे वाकवून टाचेकडून पाऊल टाका, श्वास सोडत. किंवा सतरंजीवर पाट ठेवून पाटावर बसा आणि कोणीतरी सतरंजी ओढा, फरशी गुळगुळीत असेल तर मस्त सरकते. आम्ही हाताने केलं, एक फूटभरच, सहा सेकंदात. कॅमेरा सरकतोय हे कळू नये, फक्त आई जवळ आल्यासारखी वाटावी.

पॅन आणि टिल्ट म्हणजे कॅमेरा जागेवर उभा राहून मान डावीउजवीकडे किंवा वरखाली फिरवतो. ह्यावर फार बोलत नाही, फक्त सुरू करायच्या आधी आणि थांबल्यावर तीन तीन सेकंद स्थिर रहा, आणि ज्याच्यावर थांबायचंय ते काहीतरी बघण्यासारखं असू द्या. भिंतीवरून भिंतीवर पॅन करणारे लोक मी बघितलेत.

शॉट ९: पोळी

इन्सर्ट. तवा, पोळी, कडेने काळी होतेय, धूर. माणूस नाही. इन्सर्ट म्हणजे सीनमधल्याच एखाद्या वस्तूचा टाइट शॉट. आमच्या सीनचं सगळं दुःख ह्या पोळीत आहे, म्हणून तिला वेळ दिला.

वरून घेतला, टॉप शॉट, कारण वरून पोळी पूर्ण गोल दिसते. फोन थेट तव्यावर धरू नका, वाफेने लेन्स धुरकट होते आणि फोन तापून रेकॉर्डिंग बंद करतो, आमचं झालं. जरा तिरका, हातभर लांबून, २एक्सवर. गॅस मध्यम ठेवा. मोठ्या गॅसवर पोळी पटकन जळते पण धूर एकदम येतो आणि संपतो, मध्यमवर कडेपासून आत काळं होत जातं, कॅमेऱ्याला ते पाहिजे. आम्हाला सात पोळ्या लागल्या. पाचव्या पोळीला ताई म्हणाली, "अरे किती जाळणार आहात, कणीक काय फुकट येते का?" आणि भाचा म्हणाला, "अगं आई, शेवटची," आणि ती शेवटची नव्हती.

पोळी तव्यावर टाकायच्या आधी रेकॉर्डिंग चालू करा आणि पूर्ण काळी झाल्यावरही पाच सेकंद थांबा. हे सगळ्याच शॉटला लागू आहे. अॅक्शन म्हणायच्या आधी तीन सेकंद, कट म्हणायच्या आधी तीन सेकंद. नवखे बरोबर जिथे कट करायचा असतो तिथेच बटण दाबतात आणि मग एडिटर डोकं धरून बसतो.

शॉट १०: परत लांब

शेवटचा. फ्रीजच्या कोपऱ्यातून मास्टरच्याच जागेवरून टू शॉट, दोघं, मध्ये मोकळी फरशी. फक्त एक बदल केला, फोन ओट्याच्या उंचीपेक्षा खाली आणला, जवळजवळ बसल्यावर डोळे असतात तिथे. का, तर पाटावर बसलेलं लहान भावंड बघतंय असं वाटावं. भाऊ दाखवलेला नाही, गोष्टीत पण नाही, पण ती उंची काहीतरी करते.

अँगलचं गणित शिकवताना सगळे सांगतात, खालून घेतलं की माणूस ताकदवान, वरून घेतलं की बिचारा. हे अर्धसत्य आहे. शोलेत गब्बर येतो तेव्हा आधी दिसतात दगडावर चालणारे बूट आणि घासत जाणारा पट्टा, चेहरा नंतर, आणि तो चेहरा रोखून धरल्याची भीती अँगलपेक्षा जास्त आहे. आमच्या शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा खाली आहे पण दोघांपैकी कोणीही ताकदवान दिसत नाही, कारण लांब आहे आणि वर छताचा पंखा दिसतोय, बंद. अंतर, उंची, काय दाखवलं, काय लपवलं, हे सगळं एकत्र काम करतं. तिरका कॅमेरा, ज्याला डच म्हणतात, तो मात्र पहिल्या फिल्मला घेऊ नका. घेणार आहात, मला माहितीये, प्रत्येकजण घेतो.

कशाच्या क्रमाने शूट करायचं

वरच्या नंबरने नाही! आधी मास्टर. मग एका दिशेचे सगळे, म्हणजे कॅमेरा दाराकडे आहे तोपर्यंत पोराचा लूज, पोरावरचं सजेशन, पोराचा क्लोज. मग कॅमेरा फिरवून आईचे सगळे. लाइट एकदाच बदलायला लागतो. पोळी सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर खोलीत धूर असतो आणि पुढचे सगळे शॉट धुकट दिसतात. हे आम्ही चुकून शिकलो. बाहेरचा जिना मात्र संध्याकाळी बरोबर उजेड असेल तेव्हा, बाकी सगळं थांबवून.

दोन शॉट एकमेकांना जोडताना ते पुरेसे वेगळे पाहिजेत. मिडवरून मिडवरच कापलं आणि कॅमेरा फक्त हातभर बाजूला सरकला असेल तर चित्र नुसतं उडी मारतं, काहीतरी बिघडलं असं वाटतं. तीस अंश तरी कोन बदला, किंवा साइज नीट बदला.

आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं दुसऱ्या शॉटशी जुळणं. आईच्या बांगड्या कुठल्या हातात किती, पदर खोचलेला की सुटा, पोराची बॅग कुठल्या खांद्यावर, प्रत्येक शॉटआधी फोटो काढून ठेवा. आमची चूक सांगतो. ओट्यावर पोळ्यांचा डबा उघडा होता. मास्टरमध्ये त्यात पाच पोळ्या. आईच्या मिडमध्ये पाच. मग जेवायची वेळ झाली, पोरं होती चार. आईवरच्या सजेशनमध्ये दोन पोळ्या, क्लोजमध्ये कडेला डबा रिकामा, आणि शेवटच्या वाइडमध्ये ताईने दुपारनंतर नव्या केलेल्या आठ. फिल्म बघताना एका काकूंनी पहिलं वाक्य हेच विचारलं, की अहो, पोळ्या कमी होतात आणि परत वाढतात कशा.

एक आवाजाचं सांगून थांबतो, शॉटचा विषय नाही पण ह्याच खोलीतला आहे. शूट करताना फ्रीज बंद करा. घरघर आपल्याला ऐकू येत नाही, सवय झालेली असते, पण प्रत्येक शॉटमध्ये ती वेगळी येते आणि कट केला की आवाज टकटक बदलतो. सगळे शॉट झाले की सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटला खाली अंथरायला लागतो. आणि फ्रीज बंद करताना गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा. साउंडवाले ठेवतात. म्हणजे निघताना चावी शोधायला फ्रीज उघडावाच लागतो आणि बटण आठवतं. मी ठेवली नव्हती, रात्री साडेअकराला ताईचा फोन आला, दोन लिटर दूध.